घरच्या तारांस जनरेटर जोडणें : पहारा कोठें व किती?

मृग नक्षत्र जवळ आलें म्हणजे आपल्या ठाणें जिल्ह्यांतील शेतकरी घर शाकारून घेतो, बियाणें निवडून ठेवतो, बांध व सांडवे तपासतो. अलीकडे ह्या यादींत आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे दोघांनीं उचलून नेण्याजोगा लहान जनरेटर. वादळवाऱ्यांत वीज गेली तर घरांत दोन दिवे लागावे, प्यावयाचें पाणी वर चढावें, ह्यासाठीं तो घेतलेला असतो. जनरेटर बाळगण्याविरुद्ध आम्हांस कांहींच म्हणावयाचें नाहीं. परंतु तो घरच्या तारांस ज्या रीतीनें जोडला जातो त्या रीतीविषयीं स्पष्ट लिहिणें आम्हांस भाग आहे. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. जनरेटरच्या मुखाशीं त्याच्या व त्याच्या तारेच्या मापाची एम.सी.बी. नसेल, आणि घराशीं चेंजओव्हर स्विच नसेल, तर तो जनरेटर घरास जोडूं नये. त्या रात्रीं कंदिलावर भागवावें.

कोणी म्हणेल, भारनियमनाचे दिवस सरले, घरोघर इन्व्हर्टर आले, आतां हा विषय कशाला? २००५ सालानंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत आमच्या नौपाड्यांत दुकानांच्या दाराशीं लहान जनरेटर फटफटत असत, ते आतां सहसा दिसत नाहींत हें खरें. परंतु ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें तेव्हां विजेचे खांब मोडून पडले आणि श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंतचीं कित्येक गांवें अनेक दिवस अंधारांत राहिलीं. त्याच वर्षीं १२ ऑक्टोबर रोजीं कळवें व पडघें यांमधील उच्च दाबाच्या वाहिन्या बंद पडून मुंबई, ठाणें व नवी मुंबई हीं शहरें ऐन कामाच्या वेळीं कांहीं तास विजेवांचून राहिलीं. हें कळवें आमच्या नौपाड्यापासून दूर नाहीं. खाडी ओलांडली कीं आलेंच. पुढच्याच वर्षीं, २२ जुलै २०२१ रोजीं, महाड व चिपळूण पाण्याखालीं गेलीं. अशा प्रसंगीं इन्व्हर्टरची बॅटरी कांहीं तास पुरते. पुढें जनरेटर आठवतोच. आणि तो आठवतो भर पावसांत, अंधारांत, घाईच्या वेळीं. म्हणून त्याची जोडणी आधींच, उजेडांत व सवडीनें ठरवून ठेवली पाहिजे.

आम्हीं उमेदीचीं सर्व वर्षें महसूल खात्याच्या दप्तरांत घालविलीं. विजेचें शास्त्र हा आमचा व्यवसाय नव्हे. परंतु ज्यानें जन्मभर हद्दी व अधिकार यांचे कागद हाताळले त्याला एक गोष्ट सहज उमजते. प्रत्येक कामगाराचा अधिकार त्याच्या सजापुरता असतो. एका सजाच्या तलाठ्यास दुसऱ्या सजाच्या सातबाऱ्यावर नोंद घालतां येत नाहीं. फ्यूज किंवा एम.सी.बी. ह्या पहारेकऱ्याचेंही तसेंच आहे. तो कोणत्या तारेसाठीं नेमला आहे, किती प्रवाहासाठीं नेमला आहे व कोणत्या जागीं उभा आहे, ह्या तिन्ही गोष्टींवर त्याचा उपयोग अवलंबून आहे. पेटींत तो असला म्हणजे झालें, असें नाहीं.

प्रथम मापाचा विचार करूं. तारेंतून प्रवाह वाहूं लागला कीं ती तापते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, तिप्पट झाला तर नऊपट होते. भिंतींतील नळींतून नेलेली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार साधारणतः १४-१५ अँपिअर सोसते. अडीचची सुमारें २०, आणि चारची सुमारें २६ ते २८ सोसते. ह्याहून अधिक प्रवाह बराच वेळ चालला तर तारेवरील वेष्टन मऊ पडतें, कडक होऊन तडकतें, आणि एखादे दिवशीं पेट घेतें. आतां जनरेटरची शक्ति पाहूं. त्याच्या पट्टीवर के.व्ही.ए.चा आंकडा कोरलेला असतो. त्यास १००० नें गुणून २३० नें भागावें, म्हणजे एक फेजी जनरेटर किती अँपिअर देऊं शकतो तें कळतें. २ के.व्ही.ए.चा जनरेटर सुमारें ८.७ अँपिअर देतो. ३ चा १३. ५ चा सुमारें २१.७.

आमच्या पाहण्यांतील बहुतेक घरधनी येथेंच फसतात. ते म्हणतात, मीटरपाशीं ३२ किंवा ४० अँपिअरची मुख्य एम.सी.बी. बसविलेली आहे, मग भीति कसली? परंतु ती एम.सी.बी. महावितरणकडून येणाऱ्या विजेसाठीं व मीटरपुढील जाड तारेसाठीं नेमलेली आहे. २ के.व्ही.ए.च्या जनरेटरवर तिप्पट भार पडला तरी तो प्रवाह तिच्या मर्यादेच्या आंतच राहतो. जनरेटरचें वेटोळें जळून जाईल आणि तिला त्याचा पत्ताही लागणार नाहीं.

एम.सी.बी.चा स्वभावही नीट समजून घ्यावा. तिच्यावर जो आंकडा छापलेला असतो त्यावर ती लगेच पडत नाहीं. त्याच्या १.१३ पट प्रवाह तिनें तासभर न पडतां सोसावा आणि १.४५ पट झाल्यास तासाभराच्या आंत पडावें, असें तिचें प्रमाण आहे. म्हणजे १६ अँपिअरची एम.सी.बी. २३ अँपिअर प्रवाह बराच वेळ जाऊं देईल. तार तारेला चिकटून शॉर्ट झाला तर मात्र ती क्षणांत पडते. पण त्यासाठीं प्रवाह तिच्या मापाच्या पुष्कळ पट व्हावा लागतो. घरांत नेहमीं बसविण्यांत येणाऱ्या सी जातीच्या एम.सी.बी.ला तो ५ ते १० पट लागतो. ३२ अँपिअरच्या एम.सी.बी.ला १६० ते ३२० अँपिअर. महावितरणचा खांबावरील ट्रान्सफॉर्मर शॉर्ट होतांच इतका प्रवाह सहज देतो. लहान जनरेटरच्या अंगीं तेवढें बळच नाहीं. त्याचा दाब ढांसळतो, दिवे मंदावतात, आणि शॉर्ट झालेल्या जागीं ठिणग्या झडत राहतात. तात्पर्य, जो पहारेकरी महावितरणच्या विजेवर डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच जागा होतो, तोच जनरेटरच्या विजेवर झोंपून राहतो. ह्यास्तव जनरेटरचा पहारेकरी वेगळा, लहान मापाचा, आणि शक्यतों बी जातीचा असावा. ही जात ३ ते ५ पट प्रवाहावर तत्काळ पडते. नेमकें माप न मिळेल तर खालचें घ्यावें, वरचें घेऊं नये. ५ के.व्ही.ए.स २०, ३ के.व्ही.ए.स १०, २ के.व्ही.ए.स ६. कारखान्यांतून जनरेटरवरच बसवून आलेली एम.सी.बी. असेल तर ती शाबूत आहे ना, कीं कोणी तार टाकून तिला बगल दिली आहे, हें पाहून घ्यावें. जुना जनरेटर विकत घेणारानें तर हें पाहिल्यावांचून पैसे मोजूं नयेत.

हें सर्व आपणांस नवें नाहीं. विहिरीवरील मोटारीच्या स्टार्टरमध्यें ओव्हरलोड रिले असतो व त्याचा कांटा मोटारीच्या पट्टीवरील अँपिअरशीं जुळवावयाचा असतो, हें पंप वापरणारा प्रत्येक शेतकरी जाणतो. ३ हॉर्सपॉवरच्या मोटारीस १० हॉर्सपॉवरचा रिले लावून देणाऱ्या कारागिरास तो दारांत उभा करणार नाहीं. कारण रिवाइंडिंगचें बिल त्यानें भरलेलें असतें. जनरेटर म्हणजे उलटी मोटार. मोटारीस वीज देऊन आपण फिरणें घेतों. जनरेटरला फिरवून वीज घेतों. वेटोळें तेंच, तांबें तेंच, जळण्याची रीतही तीच. मग मोटारीविषयीं एवढा दक्ष असणारा गृहस्थ जनरेटरविषयीं इतका बेफिकीर कां, हें कोडें आम्हांस उलगडत नाहीं.

आतां जागेचा विचार. पाटाचें पाणी घेणारास तो समजावयास कठीण नाहीं. पाट मधेंच फुटला तर शेवटच्या खाचराचें तोंड बंद करून पाणी थांबत नाहीं. मुखाशीं असलेलें दार पाडावें लागतें. तसेंच जनरेटरपासून घरापर्यंत जी तार येते ती वाटेंत दाराच्या उंबऱ्यावर चेंगरली, उंदरानें कुरतडली किंवा बैलगाडीखालीं आली, तर घरच्या पेटींतील एम.सी.बी. तेथें कांहीं करूं शकत नाहीं. प्रवाह तिच्यापर्यंत पोहोंचतच नाहीं. म्हणून त्या तारेचा पहारेकरी तारेच्या मुखाशीं, म्हणजे जनरेटरपाशींच, उभा असला पाहिजे.

भाड्याच्या मोठ्या जनरेटरच्या बाबतींत ह्या चुकीचें फळ अधिक कडू येतें. लग्नकार्यास किंवा वादळानंतर १५ के.व्ही.ए.चा जनरेटर गांवांत येतो. एक फेजी असेल तर तो ६५ अँपिअर देऊं शकतो, व त्याची स्वतःची एम.सी.बी. तितक्याच मापाची असते. त्यावरून शेजारच्या चार घरांस अडीच चौरस मिलिमीटरच्या तारा ओढल्या जातात. जनरेटर स्वतः सुरक्षित असतो. परंतु २० अँपिअर सोसणाऱ्या तारेवर ६० अँपिअर गेला तरी त्याची एम.सी.बी. हूं कीं चूं करणार नाहीं. येथें प्रत्येक तारेच्या मुखाशीं १६ अँपिअरची वेगळी एम.सी.बी. हवी. सूत्र असें कीं, लहान जनरेटर व जाड तार असेल तर पहारा जनरेटरच्या मापाचा. मोठा जनरेटर व बारीक तार असेल तर पहारा तारेच्या मापाचा. दोहोंपैकीं जें दुबळें, त्याच्या मापाचा पहारेकरी नेमावा.

मुरबाडकडील आमच्या एका आप्ताच्या वाड्यावर आम्हीं जी रीत पाहिली ती जिल्ह्यांत अन्यत्रही चालते, म्हणून तिचें नांव घेणें प्राप्त आहे. दोन्ही टोकांस पिन बसविलेली एक तार केलेली असते. एक टोंक जनरेटरमध्यें व दुसरें भिंतींतील प्लगमध्यें खुपसलें कीं सारें घर उजळतें. सोय मोठी दिसते. पण विचार करा. त्या प्लगच्या तारेवर जीं उपकरणें आहेत त्यांस मिळणारी वीज आतां कोणत्याच एम.सी.बी.मधून जात नाहीं. ती त्या एम.सी.बी.च्या पुढेंच शिरली आहे. म्हणजे पहारेकरी वेशींत उभा, आणि पाहुणा मागच्या परसांतून आंत. ६ अँपिअरच्या प्लगमागची बारीक तार ५ के.व्ही.ए.च्या जनरेटरचे २१ अँपिअर वाहूं लागते आणि तिला रोखणारें कोणी नसतें. शिवाय पिन भिंतींतून निसटली तर तिचे उघडे दांडे जिवंत असतात, व लहान मूल तेथेंच खेळत असतें.

ह्याहून भयंकर गोष्ट घराबाहेर घडते. मेन स्विच पाडावयास कोणी विसरला, तर जनरेटरची वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. खांबावरचा ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे आपल्या घरापुरते व्होल्ट करतो. उलट दिशेनें वीज गेली तर तोच आपल्या घरच्या २३० व्होल्टचे हजारों व्होल्ट करून वरच्या तारेवर चढवितो. आणि त्याच वेळीं लाइन बंद आहे अशा समजुतीनें महावितरणचा लाइनमन भर पावसांत आपल्याच गांवाची तार जोडीत असतो. तो आपलाच कोणी शेतकऱ्याचा मुलगा असतो. त्याचा जीव आपल्या विसरण्यावर टांगलेला ठेवणें हा निष्काळजीपणा नव्हे; त्यास आम्ही अपराध म्हणूं. वीज अकस्मात् परत आली तर दुसराच अनर्थ. महावितरणची वीज व जनरेटरची वीज एकमेकांशीं ताल जुळल्यावांचून भिडतात आणि जनरेटरचें मातेरें होतें.

ह्यावर उपाय एकच, तो म्हणजे चेंजओव्हर स्विच. त्याचा दांडा एका बाजूस केला कीं घर महावितरणकडे, दुसऱ्या बाजूस केला कीं जनरेटरकडे; दोन्हीकडे एकाच वेळीं राहणें त्याच्या घडणींतच शक्य नाहीं. माणसाच्या आठवणीवर कांहीं सोडलेलें नाहीं, हाच त्याचा मोठा गुण. तो फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा असावा. घरास तीन फेज असतील तर चार पोलांचा घ्यावा. तो मुख्य पेटीच्या अलीकडे बसला म्हणजे जनरेटरची वीजही वेशींतूनच घरांत येते, आणि घरांतील प्रत्येक तारेची एम.सी.बी. पुन्हां आपल्या हद्दींत व आपल्या कामावर रुजू होते.

तीन फेज असलेल्या घरांस एक विशेष इशारा द्यावासा वाटतो. महावितरणच्या तीन फेजांवर भार वांटलेला असतां न्यूट्रलमधून केवळ त्यांच्यांतील फरकाचा प्रवाह परततो. एक फेजी जनरेटरनें तिन्ही फेज एकत्र जोडून घर चालविलें, तर तिन्हींच्या प्रवाहाची बेरीज त्या एका न्यूट्रलमधून परतते. न्यूट्रलमध्यें फ्यूज नसतो व नसावाही. म्हणून तेथें पहारा मुळींच नाहीं. जनरेटरच्या मुखाशीं असलेली एम.सी.बी. न्यूट्रलच्या तारेच्या मापाहून मोठी नसणें, एवढाच तेथील बंदोबस्त आहे. शेतावरचा तीन फेजी पंप अशा जोडणीवर चालणार नाहीं, हेंही ध्यानांत असावें.

एम.सी.बी.कडून भलत्या अपेक्षाही करूं नयेत. ती तारेचें व यंत्राचें रक्षण करते. माणसास बसणारा धक्का ओळखणें तिच्या अधिकारांत नाहीं. त्यासाठीं अर्थिंग व आर.सी.सी.बी. लागते, आणि जनरेटरचें न्यूट्रल योग्य रीतीनें अर्थास जोडलेलें नसेल तर ती आर.सी.सी.बी.ही मुकी राहते. हें काम जाणत्या हातांनींच झालें पाहिजे.

आमच्या म्हणण्यावर आक्षेप येतील. पहिला खर्चाचा. वर्षांतून चार दिवसांसाठीं एवढा खटाटोप कशाला? उत्तर असें कीं, दोन पोलांची एम.सी.बी. कांहीं शें रुपयांत मिळते, आणि लहान चेंजओव्हरचा खर्चही जनरेटरच्या किंमतीपुढें अगदीं अल्प आहे. ज्यानें हजारों रुपयांचें यंत्र घेतलें त्यानें त्याच्या रक्षणाकडे पाठ फिरवावी, हें बैल घेऊन दावें न घेण्यासारखें आहे. दुसरा आक्षेप असा कीं, भार जास्त झाला तर इंजिन आपोआप गुदमरून बंद पडतें. फार जास्त झाला तर पडतें, हें खरें. परंतु सव्वापट भारावर तें पडत नाहीं. कण्हत चालत राहतें, दाब उतरतो, उतरलेल्या दाबावर फ्रीज व पंप यांच्या मोटारी अधिक प्रवाह ओढतात, आणि तास-दोन तासांत वेटोळें व मोटार दोन्ही करपतात. पंप सुरू होतांना कांहीं क्षण नेहमींच्या पांच-सहापट प्रवाह ओढतो हेंही स्मरावें. १ हॉर्सपॉवरचा एक फेजी पंप चालतां ७-८ अँपिअर घेतो म्हणून २ के.व्ही.ए.चा जनरेटर त्यास पुरेल, हा हिशेब चुकीचा आहे. तिसरा आक्षेप, आमच्या वायरमननें इतकीं वर्षें असेंच केलें, कोठें कांहीं झालें? दुबार पेरणीची पाळी आली नाहीं तोंवर बियाणें तपासण्याची गरज कोणास वाटते?

ह्या कामीं व्यक्तीइतकीच संस्थेचीही जबाबदारी आहे असें आमचें मत आहे. आपल्या शेतकरी संस्था अवजारें व पंप भाड्यानें देतात, कांहीं जनरेटरही देतात. त्यांनीं असा नियम करावा कीं, जनरेटर देतांना त्यासोबत मुखाशीं बसावयाच्या एम.सी.बी.ची पेटी व योग्य जाडीची तार दिलीच पाहिजे. ज्या घरीं चेंजओव्हर नाहीं तेथें जनरेटर पंपास किंवा सुट्या दिव्यांस लावावा, घराच्या तारांस लावूं नये. दोन्ही टोकांस पिना असलेली तार संस्थेच्या आवारांत दिसतां कामा नये. मृगाच्या आधीं एक दिवस ठरवून परवानाधारक ठेकेदारास बोलवावें व सभासदांच्या जोडण्या तपासून घ्याव्या. दहा घरांचें काम एकदम निघालें तर मजुरीही हलकी पडते. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांप्रमाणें दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांसारखी किरकोळ बदली सोडून घरच्या जोडणीचें काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावयाचें असतें. हें आपल्या हिताचें आहे. कायद्याची कटकट समजून तें टाळूं नये.

नौपाड्याच्या नांवांत पाडा उरला असला तरी आज तेथें उंच इमारती झाल्या आहेत. आमच्यासारख्या कित्येकांचीं शेतें मुरबाड-शहापुराकडे व बिऱ्हाडें येथें, अशी स्थिति आहे. शहरांतील इमारतींत जनरेटरची जोडणी पाहण्यास कोणी तरी नेमलेला असतो. गांवच्या घरीं तो कोणी नसतो. तेथें म्हातारे आईबाप किंवा गडी असतो, आणि त्याच्या हातीं आपण यंत्र सोंपवून येतों. म्हणून आमची वाचकांस विनंति आहे कीं, पुढच्या खेपेस गांवीं जातांना जनरेटरची पट्टी वाचावी, तारेची जाडी विचारावी, एम.सी.बी.वरचा आंकडा पाहावा, व हे तिन्ही आंकडे अँपिअरमध्यें मांडून एका कागदावर लिहून पेटीच्या दाराला आंतून चिकटवावे. एम.सी.बी.चा आंकडा बाकीच्या दोहोंपैकीं कोणत्याही आंकड्याहून मोठा असूं नये. तो तसा असेल तर पावसाच्या आधीं ती बदलावी, आणि बदलून होईपर्यंत जनरेटरला हात लावूं देऊं नये.